पुरे म्हणजे खरंच पुरे

आमच्या घरात उपासमारीने आजवर कुणीही दगावलेलं नाही. जे गेले ते सगळे अतिपिण्याने गेले. गैरसमज नको, मी कुंड्यांबद्दल बोलतोय.

मीरा रोड पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचं घर आहे आणि घराच्या बाहेर, अधांतरी, आमचं लोखंडी ग्रिल आहे. बिल्डरच्या नकाशात ते नव्हतं. पण मीरा रोडला घराचा ताबा मिळाला की माणूस गणेशपूजन उरकतो आणि गुरुजी जिना उतरायच्या आत ग्रिलवाल्याला फोन लावतो. पाच फूट लांब, दीड फूट रुंद. तेवढ्यात तुळस, कढीपत्ता, गवती चहा, एसीचं बाहेरचं यंत्र, कांद्याबटाट्यांची टोपली, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला प्लायचा तुकडा आणि वाळत घातलेली फडकी, अशी आमची इस्टेट. या गर्दीत एक जांभळ्या पानांचं झाड हवं, असं मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वाटू लागलं. "या वयात पुरुषांना काय काय सुचतं, त्या मानाने झाड बरं," असं बायको फोनवर बहिणीला सांगत होती. मी ते ऐकलं आणि तिची परवानगी मिळाली असं धरून चाललो.

जांभळ्याचं हे खूळ राणीच्या बागेतून आलं. भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात थंडी सरता सरता मुंबई महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे माणसं फुलांसमोर उभी राहून स्वतःचे फोटो काढतात आणि त्या फोटोंत मागे कुठेतरी फुलंही येतात. त्या गर्दीतून मी बाहेर पडलो, तर पुढच्या फुटपाथवर एक जण कुंड्या मांडून बसला होता, आणि त्याच्यापाशी ते होतं. वीतभर काडी आणि काडीच्या टोकाला वांग्याच्या सालीच्या रंगाचं, जवळजवळ काळं, चकचकीत कमळ. म्हणजे कमळासारखी, एकीभोवती एक रचलेली पानंच. साडेचारशे सांगितले, तीनशे ऐंशीला सौदा झाला.

"पानी कितना देने का?"

"कम."

पुढचं सगळं रामायण या एका शब्दात होतं, पण मला ते कळलं नाही. दोष त्याचा नव्हता. 'कमी' हे मराठी घरात मोजमाप नाहीच, ती नुसती बोलायची रीत आहे. "मला कमी वाढा" म्हणणाऱ्याला आपण दोन पोळ्या वाढतो आणि "अगदी कमी" म्हणणाऱ्याला तीन.

भायखळ्याहून दादर, आणि दादरला संध्याकाळची विरार. जाणकार वाचक इथे हळहळले असतील. मीरा रोडच्या माणसाने विरार गाडीत चढणं हा पश्चिम रेल्वेवरचा अलिखित गुन्हा आहे. त्याने भाईंदर गाडीने जावं, विरारकरांच्या श्वासातली हवा कमी करू नये, असा दंडक आहे. मी कुंडी डोक्यावर धरून चढलो, म्हणजे मागच्यांनी मला चढवलं.

"कुठे उतरणार?"

"मीरा रोड."

दरवाजात शांतता पसरली. तेवढ्यात एकाची नजर वर गेली. "हे काय हो?" "झाड." "काळं?" आणि गंमत बघा. मला कुणी इंचभर सरकून दिलं नाही, पण झाड हातोहात आत गेलं. बोरिवलीपर्यंत ते एका गृहस्थांच्या मांडीवर खिडकीशी बसून वारा खात होतं. एवढी वर्षं या मार्गावर काढून मला चौथी सीट मिळताना मारामार, आणि हे पहिल्याच दिवशी खिडकीपाशी! उतरण्याआधी झाड परत हातोहात दरवाजापर्यंत आलं. मागून त्या गृहस्थांचा आवाजही आला, "रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, काळेपणा निघून जाईल!"

घरी आल्यावर कूळ शोधलं. नाव एओनियम. मुळात ग्रीक शब्द, अर्थ चिरंतन, ज्याला जरा नाही असं. "बरं झालं, एकदाचं काहीतरी टिकाऊ आणलंत," बायको म्हणाली. पुढचं नाव झ्वार्टकॉप, म्हणजे डच भाषेत 'काळं डोकं'. मूळ गाव कॅनरी बेटं. ही बेटं आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, पण मालकी स्पेनची. तिथल्या लास पाल्मास शहरात वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे लास पाल्मासला सहा वर्षं पुरून उरेल इतका. तिकडे ऐन ऑगस्टात दुपारी पारा सत्तावीसच्या आसपास असतो. आपल्याकडे मे महिन्यात तो रात्री दोन वाजता तेवढा असतो, आणि तेव्हा आपण "आज जरा गार आहे, नाही?" असं म्हणतो. वधूवरसूचक मंडळात असं स्थळ आलं असतं तर पत्रिका पाहूनच परत पाठवलं असतं. पण झाडाच्या बाबतीत आपण रंगावर भाळतो.

फेब्रुवारीत मात्र त्याने आमची मान उंचावली. आठवड्याला एक नवं पान. त्याचा वाढीचा काळच थंडीचा, उन्हाळा झोपायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, आमच्या हाताचा गुण. येणाराजाणारा ग्रिलपाशी थांबायचा. शेजारच्या बेननी कौतुकाने विचारलं, तेव्हा मी पुस्तकी मराठीत "मांसल पानांची वनस्पती आहे" असं सांगितलं. बेन दोन पावलं मागे सरकल्या. पक्क्या शाकाहारी मजल्यावर हा शब्द वापरायला नको होता. मग मी 'रसाळ' म्हटलं आणि त्या परत पुढे आल्या.

मार्चमध्ये कमळाचा मधला भाग हिरवा पडू लागला. आमच्या ग्रिलला ऊन दहा ते साडेबारा, नंतरचं ऊन समोरची बी विंग घेते. हा जांभळा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळाचा आणि कोकमाचा जो तोच. कडक ऊन असेल तर झाड तो पानात भरतं, आपण छत्री धरावी तसं. ऊनच नसेल तर छत्रीवर खर्च कशाला? (लाल माठ आणि बीट यांचा लाल मात्र वेगळ्या रसायनाचा, त्याला बीटालेन म्हणतात. हे दोन रंग एकाच झाडात कधी एकत्र नांदत नाहीत. भाऊबंदकीच म्हणायची.) तर तीनशे ऐंशी रुपये देऊन आणलेलं काळं झाड हळूहळू आमच्याच कोथिंबिरीच्या रंगाचं होऊ लागलं. मी ते रोज सकाळी उचलून बेडरूमच्या खिडकीत आणि दुपारी परत, असं हिंडवू लागलो. नातवंडं नसलेल्या माणसाला व्यायाम होतो.

या जातीच्या झाडांची राहणीही निराळी असते. साधं झाड दिवसा पानांची छिद्रं उघडून श्वास घेतं आणि त्या नादात अंगातलं पाणी उडवतं. ही मंडळी दिवसा दारं-खिडक्या लावून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, आम्ल करून साठवायचा, आणि दिवसा उन्हावर त्याचा स्वयंपाक करायचा. आमच्या बिल्डिंगमधली कॉल सेंटरला जाणारी पोरं असतात ना, डिट्टो. त्यामुळे पहाटे पान आंबट लागतं आणि दुपारपर्यंत आंबटपणा संपतो. हे जगाला कळलं आपल्याच देशात. बेंजामिन हेन नावाचा एक जर्मन वनस्पतीतज्ज्ञ मद्रासकडे होता. त्याने आपल्या पानफुटीची पानं चघळून पाहिली. सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडवट. १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने ते छापलं. दिवसातून तीनदा पान चघळून चवीतला फरक सांगणारा माणूस एक तर शास्त्रज्ञ असतो नाहीतर पानवाल्याचं कायमचं गिऱ्हाईक. पानफुटी आणि आमचं काळं डोकं एकाच कुळातले. सांगायचा मुद्दा हा, की ही झाडं पाणी जपून वापरतात आणि उरलेलं पानात साठवतात. म्हणजे आम्ही ज्याला पाणी पाजत होतो, तो स्वतःच पाण्याची टाकी होता.

एप्रिल संपता संपता कमळ मिटलं. खालची पानं सुकून गळाली, काडी उघडी पडली, टोकाला मुठीएवढा गुच्छ उरला. झाड झोपलं होतं. मे महिन्यात दुपारी दीड वाजता, आमरस-पुरीनंतर, आपण काय वेगळं करतो? पण आपण झोपलो तर कुणी तोंडावर पाणी मारत नाही. झाडाच्या नशिबी ते सुख नव्हतं. त्यातून आई गावाहून आली होती. ती कोकणातली. हिरवं काहीही कोमेजलेलं दिसलं की तिचा हात आपोआप तांब्याकडे जातो.

"झाड सुकता हा रे!" ती म्हणाली, आणि तिथून आग्रह सुरू झाला.

आग्रह ही आपल्याकडची कला आहे आणि तिचा पाया असा, की 'नको' म्हणजे नको नसतं. पाहुणा पहिल्या वेळी 'नको' म्हणतो ते वळण म्हणून, दुसऱ्या वेळी संकोच म्हणून, आणि तिसऱ्या वेळी खरंच पोट भरलेलं असतं तेव्हा आपण म्हणतो, "आता मात्र घ्यायलाच हवं, आमची शपथ!" पंगतीत ताटावर आडवा धरलेल्या हाताच्या बोटांच्या फटीतून जिलबी नेमकी पानात सोडणारे वाढपी मी लहानपणी पाहिले आहेत. त्या काळी अशा वाढप्याला गावात मान होता. शेजारच्या गुजराती घरातही याहून वेगळं नाही, आणि वरच्या मजल्यावरचं लखनौचं कुटुंब तर आम्हा दोघांनाही शिकवेल. अशा इमारतीत एक असा पाहुणा आला, जो 'पुरे' म्हणतो आणि त्याला खरंच पुरे असतं. त्याने परोपरीने सांगून पाहिलं. पानं गाळली, अंग आक्रसलं, तोंड मिटून घेतलं. आम्ही म्हणालो, "अरे, एवढंसं तर घातलंय!"

नंतर चौकशी समिती बसली, म्हणजे मीच डायनिंग टेबलावर बसलो, तेव्हा हिशेब पुढे आला तो असा. सकाळी अर्धी वाटी मी. तांदूळ धुतलेलं पाणी बायको, कारण ते पौष्टिक. तुळशीला घातल्यावर तांब्यात उरलेलं आई, कारण "एकट्याकच कसा ठेवायचा?" कामाच्या मावशी दुपारी बादलीतलं, कारण फेकायचं जिवावर येतं. आम्ही चार दिवस लग्नाला गेलो तेव्हा शेजारच्या बेननी त्यांच्या ग्रिलमधून हात लांब करून लांब चोचीच्या झारीने, दोन वेळा, शेजारधर्म म्हणून. कुणीही कुणाला सांगितलं नव्हतं, प्रत्येकाला वाटत होतं की बिचाऱ्याकडे आपलंच काय ते लक्ष आहे. लिटरभर मातीच्या कुंडीत दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी जात होतं. आणि हे त्या दिवसांत, जेव्हा सोसायटीत टँकर येत होता, वॉचमन शिट्टी वाजवून पाणी सोडत होता आणि मी अर्ध्या बादलीत आंघोळ करत होतो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्या मे महिन्यात भरपूर पाणी मिळालेला रहिवासी तो एकटाच.

तक्रार खालून आली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाईंच्या पांढऱ्या चादरीवर आमच्या कुंडीतलं चॉकलेटी पाणी ठिबकलं होतं. सेक्रेटरींनी रजिस्टर काढलं. मी कुंडी आत घेतली, झाडाला हात लावला, आणि काडी पिकल्या केळासारखी हातात आली. मुळं कुजलेली, वास कोळ्यांच्या टोपलीसारखा. चिरंतन नावाचं झाड साडेतीन महिन्यांत गेलं. आईने हळहळून विचारलं, "पाणी कमी पडला काय रे?"

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार ३७८ भरली होती. आता ती बरीच वाढली असणार, आणि माझा अनुभव असा की कुंडीत पाणी किती घालावं याबद्दल यांतल्या प्रत्येकाला मत आहे. बायकोचं म्हणणं, जांभळंच हवं तर रस्त्याच्या दुभाजकावर असतं ते आणा, फुकट आहे. तेही खरं. ती लांब जांभळ्या पानांची, तीन पाकळ्यांच्या गुलाबी फुलांची वेलवजा वनस्पती म्हणजे ट्रॅडेस्कँशिया. आली मेक्सिकोतून, आणि ट्रकच्या धुरात खुशाल पसरते. ब्राझीलमध्ये साओ पावलोला तर हवेचं प्रदूषण मोजायला तिचा उपयोग करून पाहिला आहे. गुणी बाई आहे. पण दुभाजकावरची चीज घरात आणली की तिचा दुभाजकपणा जात नाही. शिवाय मला झुडूप हवं होतं, उभं राहणारं.

महामार्गाच्या कडेला काशीमिऱ्याकडे नर्सऱ्या आहेत. तिथल्या एका भय्याला मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला, "घर में कितने लोग हैं?"

"चार. और एक पडोसी."

त्याने मागून एक कुंडी ओढली. "फिर ये ले जाओ. ये पाँच लोग झेल लेगा."

झाडांचा व्यापार करणाऱ्या माणसाला ग्राहकाच्या घरात पाणी घालणारे हात किती, हे आधी विचारावंसं वाटतं, यातच सगळं आलं. माझ्या मते कुंडीवर 'ऊन', 'सावली' असं लिहितात तिथे 'दोन माणसं', 'चार माणसं' असंही लिहायला हवं.

हे दुसरं झाड म्हणजे बोटाएवढी जाड, गुळगुळीत, हिरवी खोडं आणि त्यांवर दाट, लांबट गोल, जाडसर पानं. रंग मद्यासारखा जांभळट लाल, मध्येमध्ये गडद डाग, आणि उन्हात मागून पाहिलं तर पान पेटल्यासारखं दिसतं. नर्सरीवाले त्याला सिनाडेनियम ग्रँटी म्हणतात. ग्रँट म्हटल्यावर आम्हा पश्चिम रेल्वेवाल्यांचे कान टवकारणारच. पण ग्रँट रोडचा ग्रँट वेगळा. तो सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर. झाडाचा ग्रँट जेम्स ऑगस्टस, हिंदुस्थानातल्या फौजेतला, जो स्पेक नावाच्या शोधकाबरोबर १८६० ते ६३ नाईल नदीचा उगम शोधत आफ्रिकेत हिंडला. वाटेत त्याचा पाय इतका बिघडला की महिनोन् महिने एका जागी पडून राहावं लागलं, आणि १८६२च्या जुलैत स्पेक त्याच्याविनाच उगमापाशी जाऊन उभा राहिला. स्पेकचं नाव इतिहासात गेलं, ग्रँटचं एका झुडपात. पुढे त्याने प्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'आफ्रिकेच्या आरपार पायी' अशा अर्थाचं. पाय बिघडलेल्या माणसाने असं नाव द्यावं, याला विनोदबुद्धी म्हणतात.

आणि हे नावही आता राहिलं नाही. २००६ साली शास्त्रज्ञांनी सिनाडेनियम हे सबंध घराणं बरखास्त करून युफोर्बियात विलीन केलं. आम्हाला त्यात नवल नाही. आमच्याकडे काही ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, पण रिक्षावाल्याला अजूनही जुन्या गावाचंच नाव सांगावं लागतं. नर्सरीवालेही तसेच. नाव वर कुठेतरी बदललं, खाली सिनाडेनियमच चालू.

आईने मात्र कुठलंही पुस्तक न उघडता घराणं ओळखलं. मी एक पान देठाशी तोडून दाखवायला गेलो, देठातून दुधाचा थेंब आला, आणि तिने माझं मनगट धरलं. "ह्यो शेराचो भाव मां रे! ह्या दुधाक हात लावू नको. डोळ्यात गेला तर डोळो जातलो." कोकणात बांधावर शेराचं कुंपण असतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तो शेर, थोर-निवडुंग, नाताळात दुकानांत लाल होऊन बसणारं पॉइन्सेटिया, इतकंच काय फुटपाथच्या फटीतून उगवणारी दुधी, सगळे युफोर्बियाच. त्यांचं दूध म्हणजे त्यांचा वॉचमन. इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो, कारण आईचं म्हणणं खरं आहे. या झुडपाचा चीक कातडीला लागला तर आग होते, पुरळ उठतं. डोळ्यात गेला तर भयंकर दाह होतो आणि दृष्टीवर बेततं. लागलाच तर लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचा, आणि डोळ्यात गेला तर तो चोळत न बसता वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरात रांगणारं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर असेल तर हे झाड आणूच नका. आमच्याकडे दोन्ही नाहीत, आणि मी आता हातमोजे घातल्याशिवाय कात्री उचलत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या भाईंना हे सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला. सांगितलं. ते चादर आता दोरीच्या पलीकडच्या टोकाला घालतात, आणि मला पूर्वीपेक्षा जास्त मान देतात.

या चिकामुळे एक अनपेक्षित फायदा झाला. झाडाभोवतीची वर्दळ थांबली. कामाच्या मावशी बादली घेऊन तिकडे फिरकत नाहीत. बेननी झारी आत घेतली. प्रेम करणारी माणसं दूर ठेवायला थोडं विष लागतं, हे माझ्या एका आत्याने मला फार पूर्वी सांगितलं होतं. ती झाडांबद्दल बोलत नव्हती.

जून लागला. मिठागरांवरून आणि खाडीवरून तो खारा, ओला वारा येऊ लागला, ज्याने आमचं ग्रिल दर दोन वर्षांनी गंजतं आणि पापड कधीच कुरकुरीत राहत नाहीत. मी झाड ग्रिलच्या छपराखाली ओढलं. माती आधीच बदलली होती: एक भाग साधी माती, एक भाग जाड रेती, त्यात विटांचा चुरा आणि अगदी थोडं गांडूळखत. कुंडी भाजक्या मातीची, तळाला भोक, भोकावर खापरी. पाऊस चार महिने कोसळत राहिला आणि झाड वाढत राहिलं. ऑक्टोबरात ते माझ्या छातीला लागलं. पूर्व आफ्रिकेतला जीव, उकाड्याचं त्याला काही वाटत नाही, आणि ऊन कमी मिळालं तर फक्त रंग थोडा उतरतो, जीव उतरत नाही.

खरी परीक्षा झाली पुढच्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये मी नेटाने पाणी बंद केलं होतं, पंधरा दिवसांनी एकदा, तेही माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी असेल तरच. मे महिन्यात पानं गळू लागली. रोज सकाळी ग्रिलच्या तळाशी पाच-सहा जांभळी पानं. बायको माझ्याकडे बघायची, मी वर्तमानपत्राकडे बघायचो. आई पुन्हा आली होती. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती ग्रिलपाशी उभी, हातात तांब्या, तांब्यात काठोकाठ पाणी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"एक घोट," ती म्हणाली.

"नको आई."

"अर्धो."

"त्याला खरंच नकोय."

ती बराच वेळ झाडाकडे बघत होती. मग तिने तांब्या तोंडाला लावला, पाणी स्वतः प्यायली आणि आत गेली. ऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी 'नको' ऐकलं होतं. रात्री जेवताना तिने त्याचा वचपा काढला. मी चौथी पोळी नको म्हणालो, तर तिने ती मोडून अर्धी वाढली, आणि उरलेली अर्धी मी पाणी प्यायला मान वर केली तेव्हा वाढली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक फांदीच्या टोकाला नखाएवढी, लालबुंद, तुकतुकीत पानं फुटली.

आता झाड फार माजलं आहे. एक फांदी एसीच्या यंत्रामागे शिरली आहे आणि दुसरी बेनच्या ग्रिलमध्ये डोकावते, म्हणून गेल्या रविवारी छाटणी केली. वीतभर लांबीचे सहा तुकडे पाण्याखाली धरून चीक थांबवला आणि सावलीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवले आहेत. आठवडाभरात कापलेली बाजू सुकून खपली धरेल, मग कोरड्या मातीत खोचायचे की लागतात. दोन तुकडे तिसऱ्या मजल्यावरच्या भाईंनी आधीच सांगून ठेवले आहेत, एक नर्सरीवाल्याला दाखवायचा आहे. तीन उरतात. कुणाला हवे असतील तर या, मीरा रोडला उतरून पूर्वेला. विरार गाडीने मात्र येऊ नका. येताना जाड हातमोजे आणा, आणि घरात माणसं किती ते आधी सांगा.